आडफळीवरचं कुंकू

१

रघू आंबेरकरची 'काशी' सापडली ती सकाळच्या ओहोटीला. जुव्याच्या, म्हणजे खाडीतल्या बेटाच्या, शेपटाशी, कांदळाच्या मुळांत नाक खुपसून ती एका अंगावर कलंडली होती. आदल्या दिवशी हस्ताचा पाऊस असा काही कोसळला होता, की खाडीचा पलीकडचा काठ दिसेना. त्या पावसात दुपारी चार वाजता रघू भाट्याच्या धक्क्यावरून एकटाच घरी जायला निघाला. वीस मिनिटांची वाट. पण तो पोचलाच नाही.

बोटीपाशी पहिला गेला केरू. खाडीवर त्याचीही उतारूंची होडी होती आणि रघूशी त्याचं हाडवैर होतं, हे सगळ्या जुव्याला ठाऊक. केबिनच्या खिडक्यांची झडपं खाली ओढलेली होती, दाराला आतून कडी. केरूनं खांद्यानं दार फोडलं. आत रघू स्टुलावर बसला होता, सुकाणूच्या चाकावर कपाळ टेकवून. पायाशी इंजिनची पेटी. इंजिन गार पडलेलं, टाकीत रॉकेलचा टिपूस नाही.

"झोपलाय मेला!" केरू ओरडला. "आणि आम्ही रात्रभर खाडी ढवळतोय." मग त्यानं रघूच्या खांद्याला हात लावला, आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

अंगावर साधा ओरखडा नव्हता. कपडे कोरडे. आणि गाल गुलाबी, आत्ताच कढत पाण्यानं न्हाऊन आल्यासारखे. मेलेल्या माणसाच्या गालावर असा रंग बघून बायाबापड्या मागे सरल्या. कुणीतरी म्हणालं, केरूनं चहातून काही घातलंन. गणपतीच्या दिवसांत केरू चारचौघांत बोलला होता, "रघ्या, तुझी बोट एक दिवस तुलाच खाईल."

रघूची बायको जनी काठावर उभी होती. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं, "बोटीतलं कोणी काही हलवलंत तर नाय ना?"

सिव्हिलच्या डॉक्टरांनी दुपारी सांगितलं, की पोटात विष नाही. धुराचं विष आहे. इंजिनाच्या नळीतून धूर बाहेर जायच्या ऐवजी केबिनमध्ये शिरला. झडपं बंद, दार बंद. रॉकेलच्या वासाची सवय असलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही, त्याला नुसती पेंग येते.

म्हणजे नळी गळत होती. आणि तीच नळी तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्त केली होती बाबल्या मेस्त्रीनं. फौजदार त्याच्या शेडमध्ये गेले, तर भिंतीवरच्या खिळ्याला एक लोखंडी पट्टी टांगलेली. नळीला आधार द्यायची, लाल रंग दिलेली, अगदी कोरी. तिच्यावर खडूनं लिहिलं होतं, 'काशी'.

"ही बोटीत असायला हवी ना?" फौजदारांनी विचारलं.

"हवी."

"मग इथे कशी?"

बाबल्यानं मान खाली घातली. "चूक माझी हाय," एवढंच म्हणाला, आणि आपणहून गाडीत जाऊन बसला.

२

दत्ताराम सारंग जेवायला बसले होते तेव्हा बाबल्याची आई यमुनाबाई ओटीवर येऊन बसली. ती घरात येईना आणि पाणीही घेईना.

दत्ताराम पस्तीस वर्षं किनाऱ्यावरच्या उतारूंच्या बोटींवर इंजिन ड्रायव्हर होते. आता निवृत्त होऊन मांडवीत राहत. तरी सगळी खाडी त्यांना ड्रायव्हरकाका म्हणे, आणि कुणाच्या इंजिनाला खोकला झाला तरी आधी त्यांच्याकडे येई. बाबल्याच्या हातात पहिला पाना त्यांनीच दिला होता.

"ड्रायव्हरकाका, माझा पोर नट अर्धा ठेवील काय ओ?" यमुनाबाई म्हणाली.

"नाय ठेवणार."

"मग तो असा का बोलतो? चूक माझी म्हणतो. दुसरा शब्द तोंडातून नाय. वकील म्हणतो, हा असाच बोलला तर त्याला कोणी वाचवणार नाय. माझा एकुलता एक हाय ओ." तिनं पदर तोंडाला लावला. "तुम्ही सांगाल ते फौजदारसाहेब मानतील. तुमचा नेम सगळ्या गावाला ठाऊक हाय."

नेम होता खरा. दत्तारामांची बायको आनंदीबाई दर चातुर्मासात काहीबाही सोडायच्या. कधी वांगं, कधी पानावरचं मीठ. चार वर्षांपूर्वी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही काय सोडणार?" ते म्हणाले, "खोटं बोलणं." त्या हसल्या होत्या, "अहो, तुम्हांला सोडायला तेवढं तरी कुठे येतं?" पण ते धरून बसले. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, कुणाला बरं वाटावं म्हणूनसुद्धा खोटं नाही. याच नेमापायी गेल्या गणपतीत त्यांनी व्याह्यांना मोदक कच्चे आहेत म्हणून सांगितलं होतं. त्यावरून आनंदीबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

ते ताटावरून उठले. "यमुनाबाई, मी बघतो. पण एक सांगून ठेवतो. चूक त्याचीच निघाली, तर तसंच सांगेन."

"सांगा," ती म्हणाली. "पण सगळं बघून सांगा."

३

कोठडीत बाबल्या भिंतीला टेकून बसला होता. काकांना बघून उभा राहिला, हात पुसले, जसा शेडमध्ये पुसायचा. हात स्वच्छच होते.

"पॅकिंग कसलं घातलंस?" दत्तारामांनी बसता बसता विचारलं.

"नवा घातलाय. तांब्याचा पत्रा दोन्ही बाजूंनी."

"तोंड घासलंस?"

"जुनी काजळी खरवडून काचेसारखा केला. चार नट समोरासमोर आवळले, थोडे थोडे, तुम्ही शिकवलंत तसे. इंजिन तापवून परत एकदा आवळले. उदबत्ती फिरवून बघितली. धूर सरळ वर जात होता, कुठे हलला नाय."

उदबत्तीची युक्ती काकांचीच. चालू इंजिनाच्या नळीच्या जोडाभोवती पेटती उदबत्ती हळूहळू फिरवायची. जिथून गळती असेल तिथे तिचा धूर फुंकर मारल्यासारखा फिसकटतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते उदबत्ती दाखवते.

"मग सगळ्यात शेवटी काय करायचं असतं?"

बाबल्यानं मान वळवली.

"बोल की. पहिल्या दिवशी शिकवलं होतं तुला."

"नळीचा भार जोडावर येता नये," तो पुटपुटला. "नळीला आपला आधार हवा. नायतर कसलाही पॅकिंग घाला, हादऱ्यानं जोड उघडतो."

"आधाराची पट्टी तू केलीस. रंग दिलास. नाव घातलंस. आणि बोटीत बसवली नाहीस."

"नाय बसवली."

"का?"

"चूक माझी हाय, काका."

"तुझी चूक काय ती मी ठरवीन. का, ते विचारतोय."

बाबल्याचे डोळे भरून आले. पण त्यानं ओठ घट्ट मिटले, आणि दत्तारामांच्या मनात पहिल्यांदा काहीतरी खटकलं. शिक्षेला घाबरलेला माणूस अशा वेळी शंभर कारणं सांगतो. हा एक कारण जपत होता.

ते उठले तसा बाबल्या गजांशी आला. "कुठे चाललात?"

"बोट बघायला."

"काका, पाया पडतो," तो म्हणाला, "तुम्ही बोट बघू नका."

४

'काशी' धक्क्याला आणून बांधली होती. दत्तारामांनी झडपं उघडली आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. घाई करायची नाही, आधी डोळ्यांनी सगळं वाचायचं, ही त्यांची पद्धत.

इंजिनाच्या पेटीचं झाकण काढलं. नळी इंजिनातून निघून हातभर वर येत होती आणि केबिनच्या मागच्या आडफळीजवळून, म्हणजे फळ्यांच्या भिंतीजवळून, बाहेर जात होती. जोडाचे चारही नट घट्ट होते. पान्यानं तसूभरही हलले नाहीत. पॅकिंग नवं. पण जोडाच्या वरच्या अंगाला काजळीचा पंखा उमटला होता. खालून पॅकिंग चेपून पातळ झालेलं, वरून फट, नखाएवढी. नळी स्वतःच्याच वजनानं लोंबली होती.

नट ढिले नव्हते. म्हणजे बाबल्याचं काम पक्कं होतं. नडला तो आधार.

छताच्या तुळईला त्यांना तारेचा एक वेढा दिसला. तुटलेला. दुसरं टोक नळीभोवती. कुणीतरी पट्टीच्या ऐवजी नळी तारेनं टांगली होती. तार गंजलेली होती, पण तुटलेलं टोक चकचकीत. त्याच फेरीत तुटली असणार. म्हणजे त्या दिवसाआधी धूर आत आलाच नव्हता.

आता आडफळी. मागच्या वर्षीची पट्टी जिथे होती तिथे स्क्रूचं एक जुनं भोक दिसत होतं. पट्टी बसायला जागा तेवढीच. तिथेच मागून जाड लाकूड होतं, बाकीची फळी पातळ. दुसरं भोक कुठे? तिथे कुंभारीण माशीनं चिकटवलेली माती होती. पावसाळाभर शेडमध्ये पडलेल्या बोटीत अशी माती ठिकठिकाणी असते. तिला पेन्सिलच्या जाडीची दोन भोकं होती. काजळी कुठवर पसरली हे बघायला दत्तारामांनी फळी पुसली, तुळई पुसली, मातीच्या भोकातसुद्धा काडी घालून बघितली. काडी काळी आली. सगळीकडे काजळी होती.

आणि मातीच्या खाली, नुसत्या फळीवर, कुंकवाचं एक बोट होतं.

देवाचा फोटो पुढे, चाकाच्या वर होता. त्याला वेगळं कुंकू, वेगळं फूल. मग इथे, इंजिनाच्या मागे, अंधारात, कुणी कशाला कुंकू लावलंन?

टाकीत रॉकेल घालून त्यांनी इंजिन सुरू केलं आणि उदबत्ती पेटवली. खालून फिरवली, धूर सरळ गेला. डावीकडे, उजवीकडे, सरळच. वर नेली आणि धूर फिसकटला, केबिनभर पांगला. त्यांनी हातानं नळी अर्धा इंच वर उचलून धरली, फडक्यातून चटका बसला तरी धरली. उदबत्तीचा धूर पुन्हा सरळ झाला.

दोन स्क्रू. दोन स्क्रूंचं काम होतं. रघूसारखा मुरलेला खाडीवाला तीन आठवडे तारेवर भरवसा ठेवून का फिरला?

५

केरू धक्क्यावर जाळं विणत बसला होता. दत्ताराम शेजारी बसले.

"या म्हणायची रीत नाय काय रे?"

"बसलात की आपणहून." केरूनं मान वर केली नाही. "विचारा. चहातून काय घातलंस म्हणून विचारा. सगळं गाव विचारतंय."

"तार तू दिलीस?"

केरूचा हात थांबला. "तुमाला कोणी सांगितलान?"

"तुझ्या होडीच्या कठड्याला तशीच तार आहे. गंजकी, दोन पदरी."

"मागितलान त्यानं," केरू हळूच म्हणाला. "गौरी गेल्यावर. सात वर्षांनी तोंड उघडून माझ्याकडे काही मागितलान. मी म्हटलं, मेल्या, मेस्त्री पट्टी देतोय ती लाव की. तर हसला. म्हणतो, 'केरू, महिनाभराचा प्रश्न हाय. मग लावतो.' म्हणून तर मी बोललो, तुझी बोट तुलाच खाईल. मी काय शाप दिला? मी सांगितला त्याला." त्यानं जाळं बाजूला टाकलं. "मी तार द्यायला नको होती. पण हसत होता ओ. रघ्याला असा हसताना मी कधी बघितला नव्हता."

रघूचा धाकटा भाऊ शिवा दहाव्यासाठी मुंबईहून आला होता. त्याला बोट विकायची होती, हे तो लपवत नव्हता.

"मी गणपतीलाच दादाला म्हटलं, काढून टाक ही. ऐकलं नाही. उलट माझ्यावरच ओरडला."

"कशावरून?"

"काही नाही हो. शेडमध्ये बोट साफ करायला हात लावला मी. खराटा घेऊन आत गेलो, तर धावत आला. म्हणे, मागच्या फळीला हात लावायचा नाही. एवढी काय सोन्याची फळी आहे?" शिवा खांदे उडवत म्हणाला. "दुसऱ्या दिवशी वहिनी पण आत गेली, कुंकवाचा करंडा घेऊन. मला वाटलं, इंजिनाची पूजा करतेय."

दत्तारामांनी डोळे मिटले. फळी त्यांना पुन्हा दिसली. भोक, माती, कुंकू. तिन्ही एका ओळीत होती, आणि त्यांना वाचता येत नव्हती.

६

संध्याकाळी आनंदीबाई तुळशीपाशी वाती वळत होत्या. सोमवार होता, दिवसभराचा उपास. दत्ताराम पायरीवर येऊन बसले आणि बोटीत पाहिलेलं एकेक सांगू लागले, स्वतःशीच बोलावं तसे.

"काजळी वर. तार. एक भोक. दुसऱ्या भोकावर कुंभारणीची माती. आत घातलेली काडी काळी आली. मातीखाली कुंकू..."

आनंदीबाईंच्या हातातली वात थांबली.

"कुंभारणीनं घर केलं होतं?"

"हो. पावसाळ्यात करतातच."

"आणि त्याला कुंकू लावलं होतं?"

"त्याला कशाला लावतील? त्याच्या खाली..." ते थांबले.

"अहो, तुम्हांला इंजिनातलं सगळं कळतं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण घरातलं? कुंभारणीनं घर केलं, की त्या घरात पाळणा हलणार, असं मानतात. ते घर मोडायचं नसतं. पिल्लं आपली आपण उडून जाईपर्यंत हात लावायचा नसतो. माझ्या वेळी तुमच्या आईनं माजघरातल्या तुळईला महिनाभर झाडू लागू दिला नव्हता."

दत्तारामांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"जनीला नऊ वर्षांत मूल नाही," आनंदीबाई म्हणाल्या. "श्रावणात ती मला देवळात भेटली. सोळा सोमवारांतला तेरावा सोमवार होता तिचा. माझा हात धरलान आणि म्हणाली, 'काकू, यंदा काहीतरी होईलसं वाटतं.' कशावरून, ते सांगितलं नाही. मी परवा तिच्याकडे बसायला गेले होते ना, तेव्हा बघितलं. दोनदा मागल्या दारी जाऊन ओकून आली. सगळ्यांना वाटलं, दुःखानं."

वात तेलात पडली. दत्तारामांनी ती उचलून ताटलीत ठेवली.

माशीनं घर बांधलं होतं नेमकं त्या जागी, जिथे पट्टी बसायची. पट्टी बसवायची तर ते घर मोडायला हवं होतं.

७

"त्यानं तुला शपथ घातली होती," दत्ताराम सकाळी कोठडीत म्हणाले.

बाबल्यानं चमकून वर बघितलं, आणि त्याचा चेहराच सुटला. हमसून हमसून रडला.

"मी खरवडणी हातात घेतली होती, काका. एका फटक्याचं काम होतं. त्यानं माझा हात धरलान. म्हणतो, 'बाबल्या, नऊ वर्षांनी आलीय ती. तू मोडू नको.' मी म्हटलं, माशी हाय रे, चिखल हाय. तर म्हणतो, 'ठाऊक हाय मना. पण जनीला कोण सांगणार? ती रोज सकाळी विचारते.' मग म्हणाला, 'पिल्लं उडाली की त्याच दिवशी येतो. पट्टी तुझ्याकडेच ठेव.' आणि भैरीची शपथ घातलान, कोणाला सांगायचा नाय. वैनीला तीन महिने होईपर्यंत तरी."

"आणि तू इंजिन सुरू करून दिलंस."

"दिलं. तीच माझी चूक. मी पाना खाली ठेवायला हवा होता. म्हणायला हवा होता, पट्टीशिवाय बोट पाण्यात जाणार नाय." त्यानं डोळे पुसले. "आता मी खरं सांगितलं तर काय होईल, सांगा. सगळं जुवं म्हणेल, बायकोच्या खुळापायी मेला. त्या पोराला जन्माला यायच्या आधीच म्हणतील, बापाला खाऊन आला. मी दोन वर्षं आत राहीन, काका. वैनीला आख्खा जन्म काढायचाय तिथे."

दत्तारामांना वाटलं, आपण याला पाना धरायला शिकवलं. हे मात्र आपण शिकवलेलं नाही.

"तुझी आई माझ्या ओटीवर बसून होती," ते म्हणाले. "तिलाही जन्म काढायचाय."

ते तसेच जुव्याला गेले, आनंदीबाईंना बरोबर घेऊन. मागल्या दारी जनी फणसाच्या मुळाशी बसली होती. त्यांनी आडवळण घेतलं नाही. बाबल्या काय लपवतोय ते सांगितलं, आणि विचारलं, "पोरी, तुझ्या परवानगीशिवाय मी फौजदारांपुढे तोंड उघडणार नाही. काय करू?"

जनीनं मान वर केली.

"बाबल्याभावोजी आत आहेत ते ह्याच्यासाठी?" ती म्हणाली. "मना कोणी सांगितला नाय. बायका म्हणत होत्या, त्यानं काम नीट नाय केलान." तिनं पदर सावरला. "चला. मीच सांगते. मी म्हटलं होतं त्यांना, मोडू नका. माझं नाव घाला."

फौजदार कोकणातलेच होते. त्यांनी जनीला खुर्ची दिली, दार लोटून घेतलं, दत्तारामांनी काढलेली काजळीची आणि तारेची उलगड ऐकली, केरूचा जबाब वाचला. मग जनीचं ऐकलं. ऐकताना त्यांनी टाक खाली ठेवला होता. शेवटी उचलला आणि एवढंच लिहिलं, की जोडाचं काम निर्दोष आहे, आधाराची पट्टी मालकाने स्वतःच्या इच्छेने पुढे ढकलून नळी तारेने टांगली होती, ती तुटून अपघात झाला.

"कारण?" हवालदारानं विचारलं.

"कारणाला रकाना नाही," फौजदार म्हणाले.

८

बाबल्या दुपारी सुटला. यमुनाबाई त्याला घेऊन गेली, वाटेत त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत आणि रडत.

दत्ताराम जनीला होडीपर्यंत सोडायला आले. केरूची होडी होती. केरूनं हात देऊन तिला उतरवून घेतलं. होडी सुटणार तोच जनी वळली.

"ड्रायव्हरकाका, एक विचारू?"

"विचार."

"मी त्यांना रोज विचारायची, गेली काय पिल्लं? ते बघून सांगायचे, अजून नाय. तोंड बंदच हाय म्हणायचे. त्या दिवशी सकाळी पाऊस होता, गडबड होती, मी विचारायची राहिले." तिचा आवाज अगदी शांत होता. "तुम्ही फळी बघितलीत. पिल्लं गेली होती काय ओ, तोवर?"

दत्तारामांना ती काडी आठवली. मातीच्या भोकात घातलेली, काळी होऊन आलेली. घर बंद असतं तर धूर आत शिरला नसता. धूर त्या एकाच दिवशी आला होता, आणि त्यानंतर काडी घालेपर्यंत इंजिन चाललंच नव्हतं. म्हणजे रघू स्टुलावर बसला तेव्हा भोकं उघडी होती. घर रिकामं होतं. कदाचित त्याच पहाटे रिकामं झालेलं. तिनं विचारलं असतं, तर त्यानं वाकून बघितलं असतं, आणि बोट धक्क्याला तशीच ठेवून पट्टी आणायला गेला असता.

जनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिचा एक हात पोटावर होता, तिच्याही नकळत.

"नाय," दत्ताराम म्हणाले. "तेव्हा बंदच होतं. नंतर उडाली."

तिनं श्वास सोडला. "मग त्यांनी पण 'अजून नाय' असंच सांगितलं असतं."

"तसंच सांगितलं असतं."

होडी गेली. ती पार पलीकडे टेकेपर्यंत ते उभे राहिले. मग 'काशी'त उतरले. आडफळीवरची माती त्यांनी दोन्ही हातांनी अलगद सोडवली, काठाशी बसून पाण्यात धरली. ती विरघळत गेली, आणि आतली काजळी तेवढी बोटांना राहिली. फळीवरचं कुंकू मात्र त्यांच्यानं पुसवेना. दुसरं भोक आता मोकळं झालं होतं.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आनंदीबाईंनी त्यांचे काळे हात बघितले.

"पाणी काढलंय न्हाणीत. हात धुवा, आणि देवाजवळ दिवा लावा."

"आज तू लाव," ते उंबऱ्यापाशीच थांबून म्हणाले. "माझा नेम मोडला."

कार्तिकीला अजून दीड महिना होता. आनंदीबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. होडी सुटली तेव्हा त्या धक्क्याच्या पायरीवरच होत्या. जनीचा प्रश्न त्यांनी ऐकला होता, आणि काडीची गोष्ट तर काल संध्याकाळी नवऱ्याच्याच तोंडून.

त्यांनी तांब्या उचलला, पायरीवर आल्या, आणि स्वतःच त्यांच्या हातांवर पाणी घालू लागल्या. काजळी लवकर निघत नव्हती. त्या घालत राहिल्या.